सहा माणसं, दोन खोल्या आणि हैदराबादचा शुक्रवार

वाचक लिहितात:

“नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण हैदराबादला निघालोय. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांना गोवळकोंडा बघायचाच आहे. त्यांचे वडील उस्मानिया विद्यापीठात शिकले होते, तेही मनात आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण मोती घ्यायचेत. मुलाला रामोजी फिल्म सिटी हवी, मुलीला ‘प्राणी नाहीतर डायनासोर’. शुक्रवारी सकाळी पोचतो, मंगळवारी संध्याकाळी परतीची गाडी. दीर म्हणतात, हायटेक सिटीत राहा, तिथली हॉटेलं चकाचक असतात. नवरा म्हणतो, चारमिनारजवळच खोली घेऊ म्हणजे सगळं पायी होईल. दोन खोल्यांचे मिळून रोजचे सहा हजार, त्याच्या वर जायचं नाही. नेटवरच्या याद्या वाचून डोकं भणभणायला लागलंय. राहू कुठे आणि गाळू काय?
– एक सून, छत्रपती संभाजीनगर”

सूनबाई,

आधी खोलीचं बघू, स्थळांचं मागाहून. बहुतेक घरांत उलटं होतं. बघायच्या जागांची यादी आधी होते आणि मग जिथे स्वस्त मिळेल तिथे हॉटेल घेतलं जातं. चार मित्र निघाले असतील तर तेही चालतं. पण तुमच्याबरोबर सात वर्षांची पोर आहे आणि दुखरे गुडघे आहेत. तुम्हाला अशी जागा हवी की दुपारी एक वाजता सासूबाई “मला आता पुरे” म्हणाल्या, तर कुणीतरी एकाने त्यांना अर्ध्या-पाऊण तासात परत आणून गादीवर टेकवावं आणि बाकीच्यांचा दिवस मोडू नये. या कसोटीवर तुमचे दीरही नापास आणि नवराही.

दिरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. हायटेक सिटी आणि गच्चीबावलीतली हॉटेलं नवी आहेत, आणि शनिवार-रविवारी कंपन्यांचे पाहुणे नसले की तिथली भाडीही उतरतात. पण तुम्हाला बघायचंय त्यातलं बरंचसं शहराच्या दुसऱ्या बाजूला, मुसी नदीच्या आसपास आहे. तिकडून फक्त गोवळकोंडा बऱ्यापैकी जवळ. रायदुर्गहून मेट्रोत बसायचं, अमीरपेठला गाडी बदलायची, महात्मा गांधी बस स्थानकाला उतरायचं आणि तिथून पुढे पुन्हा रिक्षा. जाताना एक वेळ ठीक, पण संध्याकाळी तोच प्रवास ऑफिस सुटलेल्या गर्दीत उभ्याने करायचा आहे. दीर बहुधा कंपनीच्या कामाने जात असणार, त्यांना ती जागा सोयीचीच. मुलाला दुर्गम चेरुवूवरचा केबलचा पूल बघायचा असेल तर एखाद्या संध्याकाळी बापलेकांनी जाऊन यावं, तेवढ्यासाठी अख्ख्या घराने तिथे मुक्काम करायला नको.

यजमानांचा चारमिनारचा विचार नकाशावर फार छान दिसतो. प्रत्यक्षात चारमिनारच्या अगदी भोवती वाहनांना बंदी असते, म्हणजे सामान आणि सासूबाई दोन्ही गर्दीतून चालत न्यायचे. गल्ल्या अरुंद, लॉज जुने, जिने उभे, आणि बाजार रात्री उशिरापर्यंत जागा. तिथे जायचं, पोटभर फिरायचं आणि झोपायला दुसरीकडे यायचं.

माझं मत लकडी का पूल. नावावर जाऊ नका, लाकडी पूल आता काही दिसायचा नाही. मध्यम भाड्याची बरीच हॉटेलं, औषधाची दुकानं, जवळच रुग्णालयं, शाकाहारी खाणावळी आणि दाराशी मेट्रोची लाल लाइन. ही लाइन मियापूरहून निघते आणि शहर चिरत एल.बी. नगरला जाते. लकडी का पूलहून पुढे असेम्ब्ली, नामपल्ली, गांधी भवन, उस्मानिया मेडिकल कॉलेज आणि पाचवं स्थानक महात्मा गांधी बस स्थानक. तिथे उतरलात की जुनं शहर सुरू. रामोजीला जायचं असेल तर याच गाडीत शेवटपर्यंत बसून राहायचं. बिर्ला मंदिर तर रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर. जवळचं खैरताबाद आणि पलीकडचं नामपल्ली-अबिड्स यांचाही विचार करा, पण नामपल्लीला १ जानेवारीपासून नुमाइश नावाचं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरतं, तेव्हा तो भाग माणसांनी फुलून जातो. तुम्ही त्याआधी परतताय, म्हणून चालेल. लकडी का पुलाला मनासारखं नाहीच मिळालं तर सिकंदराबाद. स्टेशनसमोरच्या गल्लीत नको, मेट्रोच्या परेड ग्राउंड स्थानकाच्या आसपास बघा.

स्टेशनवरून आठवलं, तिकिटावरचं उतरायचं नाव नीट वाचा. सिकंदराबाद, काचीगुडा आणि हैदराबाद म्हणजे नामपल्ली ही तीन वेगळी स्टेशनं, आणि आता काही गाड्या चर्लापल्लीलाही थांबवतात. ते शहराच्या पार पूर्वेच्या टोकाला आहे. परतीच्या गाडीचंही तसंच बघून ठेवा.

आता खोली घेताना काय विचारायचं ते सांगते. ॲपवरचे फोटो बघून मग हॉटेलात थेट फोन करा. पहिला प्रश्न खिडकीचा. शहराच्या मध्यातल्या जुन्या हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात. फोटोत भला मोठा पडदा दिसतो, आणि खोलीत गेल्यावर तो पडदा सारला की मागे भिंत, नाहीतर डक्टमध्ये उघडणारी हातभर फट, तिच्यातून खालच्या भटारखान्याचा फोडणीचा वास. भाडं कमी दिसतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. “खिडकी बाहेर उघडते का, आणि कुठल्या बाजूला” असं स्पष्ट विचारा. रस्त्याकडची असेल तर रात्री हॉर्न ऐकू येणार, तेव्हा मागची बाजू, वरचा मजला मागा. वरचा मजला म्हटलं की लिफ्ट आलीच. ती आहे का एवढंच विचारू नका, रिसेप्शनपाशी पोचायला किती पायऱ्या आहेत तेही विचारा. लिफ्ट असते, पण रस्त्यावरून तिच्यापर्यंत जायलाच आठ-दहा पायऱ्या, असा प्रकार खूप ठिकाणी आहे.

दुसरा प्रश्न चेक-इनचा. तुम्ही सकाळी पोचणार आणि बहुतेक हॉटेलं बारा-एकशिवाय खोली देत नाहीत. हैदराबाद-सिकंदराबादला काही हॉटेलांत चोवीस तासांचा हिशेब असतो. सकाळी नऊला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत तुमची. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना तेच बरं. तसं मिळत नसेल तर सहा जण रिसेप्शनच्या सोफ्यावर तीन तास बसून पेपर वाचण्यापेक्षा एका खोलीचे अर्ध्या दिवसाचे जादा पैसे मोजा. मंगळवारी खोल्या सोडल्यावर सामान संध्याकाळपर्यंत ठेवू देतील का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला असला तर उत्तम. मुलांसाठी जादा गादीचे किती, सांगितलेल्या भाड्यात कर आलाय का, संडास कमोडचा आहे का, हे सगळं दोन मिनिटांत विचारून होतं. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर मागा. सहा हजारांत हे सगळं बसवायचं तर नाताळच्या आठवड्यात उशीर करू नका. रद्द करता येईल असं बुकिंग आजच टाकून ठेवा.

आता शुक्रवार. हैदराबादची मोठी मेख हीच. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद. चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद. कुतुबशाही घुमट शुक्रवारी बंद. नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधलं राज्य संग्रहालय, ज्यात खरीखुरी इजिप्तची ममी आहे, तेही शुक्रवारी बंद. आणि दुपारी जुम्म्याच्या नमाजाला मक्का मशिदीत दाटी असते, तेव्हा चारमिनारचा परिसर पाहुण्यांसाठी नाही. महाराष्ट्रातून जाणारी माणसं सोमवार बंद असतो एवढंच धरून निघतात आणि पहिल्याच दिवशी तीन कुलपं बघून येतात. तुम्ही शुक्रवारीच पोचताय. तरी बिघडत नाही, कारण रात्रभराच्या प्रवासानंतर तुम्हाला तसाही हलका दिवस हवाच आहे.

शुक्रवारी दुपारी झोपा काढा. चारच्या सुमाराला मुलीला घेऊन बिर्ला विज्ञान संग्रहालयात जा. तिथे डायनासोरचा सांगाडा उभा आहे, कोटासॉरस नावाचा. प्लॅस्टरचं परदेशी खेळणं नव्हे, आपल्या गडचिरोलीला खेटून असलेल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला. त्यामुळे ‘प्राणी नाहीतर डायनासोर’ यातला डायनासोर घ्या आणि प्राणिसंग्रहालय गाळा. हैदराबादचं प्राणिसंग्रहालय मोठं आणि चांगलं आहे, पण ते अख्खा दिवस खातं आणि सोमवारी बंद असतं. वाघ तुमच्या सिद्धार्थ उद्यानातही आहेत.

संग्रहालयाशेजारीच टेकडीवर बिर्ला मंदिर. पांढऱ्या संगमरवराचं, १९७६ साली खुलं झालेलं, व्यंकटेश्वराचं. दुपारी दर्शन बंद असतं आणि उन्हात तो दगड अनवाणी पायांना चटके देतो, म्हणून संध्याकाळीच जायचं. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. या मंदिरात घंटा नाही. मुद्दामच ठेवलेली नाही, ध्यानाला शांतता असावी म्हणून. मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती घंटा शोधत बसेल. रिक्षा बऱ्यापैकी वरपर्यंत येते, तरी थोड्या पायऱ्या राहतातच. सासूबाईंनी एक-एक करत चढाव्यात, घाई कसली आहे? वरून हुसेनसागर आणि तलावातली बुद्धमूर्ती दिसते. अठरा मीटरची, एकाच दगडातली. १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना ती पाण्यात बुडाली, माणसंही दगावली, आणि १९९२ मध्ये तिला वर काढून उभी केली. मुलांना होडीतून तिच्यापाशी जायचं असेल तर लुंबिनी पार्कमधून जाता येतं, ते रविवारी संध्याकाळी करा.

परतताना मोअज्जम जाही मार्केटवरून या. १९३५ ची दगडी इमारत आहे, मधोमध मनोरा, आणि आवारात खुर्च्या टाकून आइस्क्रीम खाणारी माणसं. हंगामाच्या फळांचं, हाताने केलेलं आइस्क्रीम मिळतं. सीताफळाचं असलं तर सोडू नका. सासूबाईंना बसायला खुर्ची आणि हातात वाटी, पहिल्या दिवसाला एवढं बास.

शनिवारी जुनं शहर. सहा जण म्हणजे दोन रिक्षा किंवा एक सहा आसनी गाडी, हे सगळ्याच दिवसांसाठी लक्षात ठेवा. सकाळी दहाला चौमहल्ला उघडतो, तेव्हाच हजर व्हा. निजामांचं दरबाराचं ठिकाण. खिलवत दालनात ओळीने बेल्जियमची झुंबरं टांगलेली आहेत, आणि मागच्या बाजूला जुन्या मोटारी. तिथल्या पिवळ्या रोल्स रॉइसपुढून तुमच्या मुलाला हलवायला वेळ लागेल. आवार सपाट आहे, झाडं आहेत, बसायला जागा आहे, म्हणून ज्येष्ठांना हा राजवाडा सोसतो.

तिथून पथ्थरगट्टीला मोत्यांसाठी. हैदराबादला समुद्र नाही, मोती तिथे पिकत नाहीत. निजामांच्या काळापासून मोती भोकं पाडून ओवणारे कारागीर आणि त्यांचा व्यापार तिथे बसला, म्हणून ते नाव. हल्ली दुकानात मिळतात ते बहुतेक गोड्या पाण्यातले, शेतीतून काढलेले मोती. त्यात वाईट काही नाही, फक्त “नैसर्गिक बसरा” असं सांगून कुणी त्याचे दसपट पैसे लावू नयेत. रिक्षावाला स्वतःहून “एक अच्छा दुकान है” म्हणाला की त्याचं कमिशन तुमच्या बिलात आलंच म्हणून समजा. दुकान तुम्ही ठरवा. दोन मोती एकमेकांवर हलके घासून बघा, खऱ्याचा किंचित खरखरीत लाग जाणवतो, काच-प्लॅस्टिक गुळगुळीत सरकतं. माळ घेतलीत तर प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून द्यायला सांगा. तुटली तर एकच मोती घरंगळतो, बाकीचे दोऱ्यातच राहतात. पक्कं बिल घ्या. आणि आधी ठरवून जा की किती खर्चायचे, कारण मखमलीवर मांडलेला पांढरा सर बघून भल्याभल्यांचा हात सैल सुटतो.

मोती झाले की सासू-सासऱ्यांना तिथूनच परत पाठवा. बाकीचे चौघे लाड बाजारात. माझ्या मते हैदराबादहून आणायची वस्तू मोती नव्हे, लाखेच्या बांगड्या. एखाद्या दुकानात कारागीर समोर काम करत बसलेला असतो तिथे थांबा. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, वळून गोल करायची आणि गरम असतानाच चिमट्याने एकेक खडा दाबून बसवायचा, असं ते काम. बांगडी हाताला घट्ट झाली तर तीच पुन्हा ऊब देऊन किंचित सैल करून देतात. घरातल्या बायकांची एकेक जुनी बांगडी मापाला बरोबर न्या. भाव मात्र करायचा, लाजायचं नाही. भाषेची अडचण येणार नाही. तिथली हौ-नक्कोवाली दखनी मराठवाड्याच्या माणसाला कळते, आणि तुमची हिंदी त्यांना.

चारमिनार १५९१ चा, शहर वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशाहाने बांधलेला. वर जायला मनोऱ्यातला गोल जिना आहे, तो अरुंद, अंधारा आणि पायऱ्या चांगल्याच उंच. मुलं आनंदाने चढतील. सासूबाई हॉटेलात गेल्यात तेच बरं. खाली इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट घ्या. चहा गोड आणि दाट असतो, बिस्किट किंचित खारट, दोन्ही एकत्रच खायचं. चारमिनार बघायला दहा मिनिटं लागतात, बघत उभं राहायला तास.

रविवारी गोवळकोंडा, आणि सकाळी नऊला दार उघडताना. अकरानंतर निम्मं हैदराबाद तिथे येतं. मेट्रो नाही, गाडी करून जा. सासूबाईंना नेऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण बालाहिसारच्या, म्हणजे बालेकिल्ल्याच्या, खालचा भाग, शस्त्रागार आणि राणीमहालाकडची बाजू, त्यामानाने सपाट आहे. वर जायला मात्र साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. इथे तुम्ही सहा जण दोन गटांत वाटले जाणार आणि त्याचाच फायदा घ्या. बालाहिसारच्या प्रवेशद्वारापाशी घुमटाखाली एका ठरावीक जागी टाळी वाजवली की ती टेकडीच्या माथ्यावरच्या बारादरीत ऐकू येते. शत्रू आल्याची वर्दी वर पोचवायची ती युक्ती. सगळे एकत्रच वर गेले तर टाळी वाजवणारं कुणी राहत नाही, आणि सगळे खाली राहिले तर ऐकणारं कुणी नाही. तेव्हा आजी-आजोबा खाली, बाकीचे वर, हातात फोन. वर पोचलात की फोन करा, आजोबा टाळी वाजवतील. मधल्या गोंगाटात पहिल्यांदा ऐकू येणार नाही, म्हणून तर सकाळी नऊ म्हणते.

वर जाताना वाटेत रामदासाची कोठडी लागते. हे आपले समर्थ नव्हेत, भद्राचलमचे रामदास, मूळ नाव कंचर्ल गोपन्ना. सरकारी वसुलीच्या पैशातून रामाचं मंदिर बांधलं म्हणून ताना शाहाने त्यांना इथे डांबलं. कोठडीच्या भिंतीवर राम-लक्ष्मण-सीतेची चित्रं कोरलेली आहेत.

तुमच्या सासऱ्यांसाठी हा ताना शाह महत्त्वाचा. अबुल हसन कुतुबशाह, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान. मादण्णा आणि अक्कण्णा हे भाऊ त्याचे कारभारी. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज त्याला भेटले ते भागानगरात, म्हणजे हैदराबाद शहरात, किल्ल्यावर नव्हे. सासऱ्यांना हे ठाऊक असणारच, पण किल्ल्यावरचे काही वाटाडे भेट इथेच झाली म्हणून ठोकून देतात, तेव्हा त्यांनी वाद न घालता पुढे चालू लागावं. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाच्या वेढ्यात आतल्याच एका सरदाराने दार उघडलं आणि किल्ला पडला. ताना शाहाला कैद करून नेला तो तुमच्याच दौलताबादच्या किल्ल्यात. तिथल्या चिनी महालात त्याची अखेरची वर्षं गेली आणि कबर खुलताबादला आहे. गोवळकोंड्यावरून एक-दोन किलोमीटरवर कुतुबशाही घुमट आहेत, त्या घराण्यातले सुलतान तिथे पुरलेले, पण हा एक तिथे नाही. घुमटांची २०१३ पासून आगाखान ट्रस्टने फार देखणी डागडुजी केली आहे, आवारात बाग आहे, सावली आहे. सासूबाई एखाद्या झाडाखाली बसतील आणि सासरे तुमच्या मुलाला सांगतील की गोष्टीचा शेवट आपल्या गावाजवळ आहे. तेरा वर्षांच्या मुलाने ऐकलं न ऐकलं तरी सासऱ्यांचा दिवस सार्थकी लागेल.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम गाळा. तो चांगला असतो, पण त्यासाठी एक तर दिवसभर थांबावं लागतं, नाहीतर पुन्हा यावं लागतं, आणि डिसेंबरात त्या टेकडीवर वारा झोंबतो.

सोमवारी रामोजी, आणि तिथे चौघांनीच जायचं. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, यजमानांना सांगू द्या. रामोजी १९९६ साली सुरू झालेलं, दीड हजार एकरांहून मोठं, विजयवाड्याच्या रस्त्यावर शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. आत त्यांच्या बसमधून फिरवतात, पण चढ-उतार, रांगा, उन्हात उभं राहणं, असा तो दिवस असतो. नकली विमानतळ, नकली लंडन, नाचगाणी, स्टंट. मोठ्या माणसाला चारच्या सुमारास डुलकी येते आणि मुलं सहाला “एवढ्यात?” विचारतात. तिकिटं स्वस्त नाहीत. चौघांची मिळून तुमच्या एका दिवसाच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या आसपास जातील असं धरा, आणि आधी ऑनलाइन काढा. शनिवार-रविवार टाळून सोमवार ठेवला तो गर्दीसाठीच. लाल लाइनने एल.बी. नगर, तिथून गाडी.

त्या दिवशी सासू-सासरे मोकळे. त्यांनी उशिरा उठावं, पेसरट्टू-उपमा खावा (मुगाचा डोसा आणि आत उपमा, सासूबाईंना आवडेल) आणि अकराच्या सुमाराला गाडी करून उस्मानियाचं आर्ट्स कॉलेज बघून यावं. सोमवार कामाचा दिवस, विद्यापीठ चालू असेल. विद्यापीठ १९१८ चं, आणि ती भव्य दगडी इमारत १९३९ मध्ये झाली. उच्च शिक्षण उर्दूतून देणारं ते विद्यापीठ होतं. मराठवाड्यातली शिकू पाहणारी मुलं तेव्हा पुण्या-मुंबईइतकीच या रस्त्याने जायची, कारण राजधानी हीच होती. १९४८ ला निजामाची सत्ता गेली तरी आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. सासऱ्यांच्या घरात वडिलांची जुनी सनद किंवा फोटो असला तर मोबाइलमध्ये काढून न्यायला सांगा. वडील नक्की कोणत्या साली तिथे होते तेही निघण्याआधी शोधून ठेवा, म्हणजे ते या इमारतीत बसले की आधीच्या जागेत, हे कळेल. ही जागा कुठल्याच पंचवीस स्थळांच्या यादीत वर नसते. तुमच्या घरापुरती ती पहिली.

मंगळवारी सकाळी खोल्या सोडा, सामान रिसेप्शनला ठेवा आणि सालारजंगला जा. दहाला उघडतं. मीर युसूफ अली खान म्हणजे तिसरे सालारजंग यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू इथे आहेत. सगळं बघायला जाऊ नका, कुणालाच जमत नाही. तीन गोष्टी ठरवून बघा. बेंझोनीची रिबेका, चेहऱ्यावर ओढणी आहे आणि ओढणीतून चेहरा दिसतो, दोन्ही एकाच संगमरवरात. लाकडाचा दुहेरी पुतळा, पुढून ताठ उभा सैतान आणि मागच्या आरशात मान खाली घातलेली मुलगी. आणि घड्याळ. तासाला एक चिमुकला दाढीवाला बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि आत निघून जातो. बाराचे टोले सगळ्यात जास्त वेळ चालतात म्हणून बाराला तिथे असा, पण पावणेबारालाच जागा धरा, समोर खूप माणसं जमतात. मुलीला सांगा की मोठ्या टोल्यांकडे सगळेच बघतात, तिने सेकंदासेकंदाला हातोडी मारणारा छोटा लोहार शोधावा. सासूबाईंसाठी चाकाच्या खुर्चीची चौकशी दारातच करा, दालनं लांबच लांब आहेत. वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर परतताना मुलांना नामपल्लीची ममी दाखवा.

खाण्याचं थोडक्यात. तिकडचं ‘मील्स’ तिखट असतं, अगदी आपल्याकडच्या माणसालाही. मुलीसाठी दही आणि तूप-भात आधी मागा. गोंगुऱ्याचं लोणचं, म्हणजे अंबाडीचं, सासऱ्यांना ओळखीचं वाटेल. बिर्याणीच्या ताटाबरोबर मिरची का सालन येतं, त्याच्यापासून मुलांना दूर ठेवा. गोडात खुबानी का मीठा मागा. डबल का मीठा फार गोड होतो असं माझं मत, पण यावर हैदराबादेत भांडणं होतात. हलीम रमजानात, त्यामुळे या खेपेला नाही.

फलकनुमा पॅलेसचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे कुणीतरी नक्की सुचवेल. तो आता पंचतारांकित हॉटेल आहे, नुसतं बघायचं तरी आधी बुकिंग आणि बरेच पैसे लागतात. सोडून द्या.

परतीच्या गाडीचा डबा हॉटेलातून नको, लकडी का पुलाच्या एखाद्या खाणावळीतून साडेतीनच्या सुमाराला इडल्या आणि दहीभात बांधून घ्या. स्टेशनला निघताना संध्याकाळच्या गर्दीचा पाऊण तास जास्तीचा धरा. गाडी चर्लापल्लीहून असेल तर दीड तास.